ख्रिस्ती मंडळींतील ग्रामण्य

ग्रामण्य हा शब्द आतां कोशांतच उरला आहे अशी पुष्कळांची समजूत आहे. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित गृहस्थांनीं चहा घेतला, गोपाळराव जोशांनीं त्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करविलीं, प्रकरण शंकराचार्यांच्या कमिशनपर्यंत गेलें, आणि न्यायमूर्ति रानड्यांसारख्या पुरुषास अखेर प्रायश्चित्त घ्यावें लागलें, ही हकीकत आज आपण हंसत सांगतों. आम्हां ख्रिस्ती लोकांना ती सांगतांना किंचित् अधिकच गोडी वाटते. कारण त्या प्रसंगीं चहा देणारे आमच्या बाजूचे होते आणि प्रायश्चित्त घेणारे दुसरे होते. पंक्तिबाह्य करणें, पाणी बंद करणें, ज्याच्याशीं आपला वाद आहे त्याच्याशीं बोलणाऱ्यालाहि वाळींत टाकणें, हे प्रकार आपल्या घरांत नाहींत असें आम्ही मानीत आलों. तें खरें नाहीं.

मी ज्या मुळशी तालुक्यांत राहतों तेथें हिंजवडीपासून पिरंगुटापर्यंत संगणकाच्या कचेऱ्या आणि कारखाने उभे राहिले, आणि त्यांबरोबर केरळ, तामिळनाडू, नागालँड, विदर्भ अशा ठिकठिकाणचीं ख्रिस्ती कुटुंबें येऊन वसलीं. कोणी पुण्याच्या जुन्या देवळांत जातात. कोणी भाड्याच्या सभागृहांत किंवा एखाद्याच्या दिवाणखान्यांत उपासना करितात. यांत वाईट कांहींच नाहीं. पहिल्या शतकांतील मंडळ्याहि घरांतच भरत. परंतु अशाच एका नव्या मंडळीनें आपल्या सभासदांना अलीकडे असें बजावलें कीं, ज्या मंडळ्या तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतात त्यांच्या प्रार्थनेस बसूं नये, त्यांच्या प्रभुभोजनास जाऊं नये, आणि पावसाळ्यांत दरडीखालीं घर गेलेल्या कुटुंबांसाठीं धान्य गोळा करावयाचें झालें तरी तें त्यांच्याबरोबर करूं नये, वेगळें करावें. मंडळीचें नांव मी देत नाहीं. माझा वाद माणसांशीं नाहीं, त्यांच्या तर्काशीं आहे. तो तर्क असा: ज्याचें मत चुकीचें त्याच्याबरोबर काम करणें म्हणजे त्याच्या चुकीस संमति देणें.

प्रतिपक्षाचें म्हणणें त्याच्या पुऱ्या बळानिशीं मांडल्यावांचून त्यास उत्तर देणें अप्रामाणिकपणाचें होईल. सत्य म्हणजे गणेशोत्सवाची वर्गणी नव्हे, कीं ज्याला जेवढें परवडेल तेवढें त्यानें द्यावें. बाप्तिस्मा हा विश्वासाचा स्वीकार असेल तर ज्याला अजून बोलतांहि येत नाहीं त्याला तो देणें निरर्थक आहे, असें ज्याला मनापासून वाटतें त्यानें तें स्पष्ट सांगितलेंच पाहिजे. केवळ गोडीगुलाबीसाठीं मत गिळणारा मनुष्य मला या मंडळीहून शतपट अप्रिय आहे. शिवाय इतिहासांत त्यांच्या बाजूला मोठीं नांवें आहेत. १५२९ सालीं मार्बुर्ग येथें लूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले. पंधरा कलमांपैकीं चौदांवर एकमत झालें. प्रभुभोजनाच्या भाकरींत ख्रिस्ताचें शरीर कोणत्या अर्थानें आहे या एका मुद्द्यावर गाडें अडलें, आणि लूथरनें झ्विंग्लीस बंधु म्हणून हात देण्याचें नाकारलें. लूथर कांहीं क्षुद्र मनुष्य नव्हता. पण या नकाराची किंमत काय पडली तीहि सांगितली पाहिजे. त्या दोघांच्या अनुयायांनीं एकमेकांच्या प्रभुभोजनास मोकळेपणानें बसावें असा ठराव युरोपांत लॉयेनबर्ग येथें झाला तो १९७३ सालीं, म्हणजे चारशें चव्वेचाळीस वर्षांनीं. एवढ्या काळांत भाकरीबद्दल नवा असा पुरावा कोणाच्या हातीं लागला नव्हता.

आतां ज्या पौलाचीं वचनें काढून ही मंडळी वेगळेपणाचा उपदेश करिते, त्या पौलाचेंच चरित्र पाहूं. त्याचे दोन वाद ग्रंथित आहेत. पहिला बर्णबाशीं. मार्क नांवाचा तरुण एका प्रवासांत मध्येंच सोडून गेला होता. त्याला पुन्हां बरोबर घ्यावें कीं नाहीं यावरून दोघांत इतकी कडाक्याची चकमक झाली कीं ते वेगळे झाले. ही गोष्ट ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या पुस्तकांत आडपडदा न ठेवतां लिहिलेली आहे. परंतु पौलानें या वियोगाला सिद्धान्ताचा मुलामा दिला नाहीं. बर्णबा पाखंडी आहे असें त्यानें कोठेंहि म्हटलें नाहीं. पुढें तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत त्याच मार्काला घेऊन ये, तो मला सेवेला उपयोगी आहे, असा निरोप आहे. दुसरा वाद पेत्राशीं, अंत्युखियांत. पेत्र तेथें परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीस जेवत असे. यरुशलेमहून कांहीं माणसें येतांच तो भिऊन पंक्तींतून उठूं लागला. पौलानें त्याला सर्वांच्या देखत तोंडावर विरोध केला. वाचकांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, पौलाच्या पत्रांतील सर्वांत तीव्र भांडण पंगत मोडण्यावरून आहे, आणि पौल पंगत मोडणाऱ्याच्या विरुद्ध आहे. असें असूनहि त्यानें अंत्युखियांत पेत्राविरुद्ध दुसरी मंडळी काढली नाहीं. उलट ज्या यरुशलेमहून तीं माणसें आलीं होतीं, त्याच यरुशलेमच्या गरिबांसाठीं तो गांवोगांव वर्गणी गोळा करीत हिंडला. मतभेद आहे म्हणून धान्य वेगळें गोळा करा असें सांगणाऱ्यांनीं हा भाग एकदां पुन्हां वाचावा.

मग सहकार्याला मर्यादा नाहींच काय? आहे. मात्र ती ठरविण्याचा प्रश्न वेगळा आहे. ‘याचें मत बरोबर आहे काय?’ हा प्रश्न विचारूं लागलें तर मनुष्याला स्वतःच्या बायकोबरोबरहि संसार करतां येणार नाहीं. विचारावयाचा प्रश्न असा कीं, हें सहकार्य माझ्याकडून काय वदवून घेतें, काय करवून घेतें? धान्याचें पोतें उचलतांना बाप्तिस्म्याबद्दल कोणी मला कांहीं वदवीत नाहीं. तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्याला साक्षी म्हणून उभें राहा असें म्हटलें तर मात्र वदवितें; तेथें ज्याला पटत नाहीं त्यानें उभें राहूं नये, आणि त्याला कोणी दुराग्रही म्हणूं नये.

आपल्या महाराष्ट्रांत हा विवेक ज्यांनीं फार मोठी किंमत देऊन केला त्यांत पंडिता रमाबाई प्रथम आठवतात. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच त्यांचा तेथील भगिनींशीं वाद सुरू झाला. चर्चची आज्ञा ही देवाचीच आज्ञा मानावी काय, त्रैक्याचा सिद्धान्त जसाच्या तसा स्वीकारावा काय, क्रूसावर लॅटिन अक्षरेंच कां असावींत, अशा लहानमोठ्या प्रश्नांवर या तरुण विधवेनें आपल्या आश्रयदात्यांना जीं उत्तरें लिहिलीं तीं वाचण्यासारखीं आहेत. हा पत्रव्यवहार १९७७ सालीं अ. भि. शहा यांच्या संपादनाखालीं प्रसिद्ध झाला, आणि माझ्या मतें मराठी स्त्रीच्या बुद्धिस्वातंत्र्याचा त्याहून मोठा कागदोपत्रीं पुरावा त्या शतकांत दुसरा नाहीं. परदेश, परक्यांचें अन्न, पदरीं लहान मुलगी. अशा स्थितींत मनुष्य गप्प बसतो. बाई गप्प बसल्या नाहींत, आणि निघूनहि गेल्या नाहींत. मनोरमा त्या भगिनींजवळ राहिली. मात्र तिला काय शिकवावें आणि काय शिकवूं नये याविषयीं आईनें स्पष्ट अटी घातल्या. सिस्टर जेराल्डीन यांना या अटी जाचक वाटल्या असतील. पण नातें तुटलें नाहीं. सहकार्य मर्यादित करणें म्हणजे काय, याचें याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

याच बाईंच्या बाबतींत उलट बाजूनेंहि एक वियोग घडला. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन काढलें आणि पुढें तें पुण्यास आणलें. अमेरिकेंतून येणारा पैसा आणि येथील सुधारकांचा पाठिंबा या दोहोंच्या मुळाशीं एक वचन होतें: विधवांना विद्या द्यावयाची, धर्म द्यावयाचा नाहीं. कांहीं मुली बाईंच्या खाजगी प्रार्थनेस येऊन बसूं लागल्या तेव्हां बाईंनीं दार बंद करण्याचें नाकारलें. १८९३ सालीं रानडे, भांडारकर प्रभृतींनीं सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. आमच्या ख्रिस्ती लेखकांना या प्रकरणांत रानड्यांवर दोष ठेवण्याची संवय आहे. मला ती मान्य नाहीं. ज्या वचनाच्या जोरावर आपण दुसऱ्यांच्या मुली आणविल्या तें वचन पाळलें जात नाहीं असें ज्यांना वाटलें, त्यांनीं त्या कामांतून बाहेर पडणें हेंच सचोटीचें होतें. त्यांनीं कारण सांगून, उघडपणें, आपलीं नांवें काढून घेतलीं. बाईंनाहि दार बंद करणें आपल्या श्रद्धेस सोडण्यासारखें वाटलें. त्यांचेंहि बरोबर होतें. दोन प्रामाणिक माणसें एका करारावर एकत्र आलीं, आणि करार दोघांस दोन तऱ्हेनें समजला आहे असें दिसल्यावर दूर झालीं. यांत पाखंड कोणाचें नाहीं.

आतां रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे वळूं. कारण वेगळें होण्याचें समर्थन करणारे आमचे तरुण बंधु त्यांचें नांव फार घेतात. १८९५ सालीं मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांनीं वीसबावीस वर्षें अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयानें काम केलें; १९०४ सालीं त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजू त्यांनीं सांभाळली. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची चाकरी सोडली, पगार सोडला, आणि साताऱ्यास जाऊन ‘देवाचा दरबार’ मांडला. एवढ्यावरून कोणी म्हणेल, पाहा, टिळकांनीं फारकत घेतली! पण कशाशीं घेतली तें पाहा. परदेशी मिशननें पगार द्यावा आणि देशी उपदेशकानें तो घेऊन तिच्या तंत्रानें चालावें, या मालक-नोकराच्या संबंधांत ख्रिस्ताचें रूप झांकून जातें, असें त्यांचें मत झालें होतें. तेव्हां त्यांनीं तो संबंध सोडला. मिशनच्या माणसांशीं वैर मांडलें नाहीं, आणि नव्या पंथाचा झेंडा उभारला नाहीं. दरबारांत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्ताचे चाहते बंधु म्हणून एकत्र बसावे ही त्यांची कल्पना होती. म्हणजे टिळक बाहेर पडले ते पंगत मोठी करण्यासाठीं. आमचे तरुण बंधु बाहेर पडतात ते ती लहान करण्यासाठीं, आणि दोघांच्या क्रियेला एकच नांव देतात!

दरबार टिकला नाहीं हेंहि प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. १९१९ च्या मे महिन्यांत टिळक वारले, आणि त्यांच्या मागें तो विस्कटला. एका पुरुषाच्या तेजावर उभ्या राहिलेल्या संस्थांचें असें बहुधा होतें. पण त्यांचें चरित्र १९२३ सालीं इंग्रजींत लिहिलें तें विन्स्लो यांनीं, जे टिळकांच्या मिशनचे नव्हते, अँग्लिकन पंथाचे होते. त्यांत वैराचा गंध असता तर तें इतक्या ममतेनें लिहिलें गेलें नसतें.

मुळशीचें नांव काढलें आहे तर येथील एक लौकिक उदाहरणहि देतों. १९२१ च्या रामनवमीस, १६ एप्रिल रोजीं, टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनीं सत्याग्रह सुरू केला. त्यांत ज्यांच्या नांवावर जमिनी होत्या अशा कित्येक सावकारांनीं मोबदला घेऊन पाय काढला, आणि कसणारा कुळवाडी तेवढा मागें उरला. पुढें १९२४ सालीं सेनापति बापटांनीं कंपनीची गाडी अडवून पिस्तूल झाडलें व त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली. शांततेची शपथ घेतलेल्या सत्याग्रह्याला या कृत्यांत बापटांबरोबर जातां येत नव्हतें. म्हणून मावळ्यांची बाजू खोटी ठरली काय? आणि बापटांचें हें कृत्य अमान्य करणाऱ्या मनुष्यानें सावकारांच्या पंक्तीस जाऊन बसावयास हवें होतें काय? कार्य मान्य, एक साधन अमान्य, आणि मनुष्याबद्दल आदर कायम, अशी तिहेरी वृत्ति ठेवणें अवघड असतें. पण अशक्य नसतें.

वियोग निव्वळ सत्तेसाठीं झाला म्हणजे त्याची कशी शोभा होते तें पाहावयाचें असेल तर मुंबईच्या रोमन कॅथलिक समाजाकडे पाहावें. पोर्तुगालच्या राजाचा पाद्री नेमण्याचा हक्क आणि रोमची प्रोपागांडा संस्था यांच्या झगड्यांतून १७९४ सालीं त्या शहरांत दुहेरी धर्मसत्ता आली ती १९२८ पर्यंत टिकली. मत एक, मिस्सा एक, संत तेच; आणि शेजारशेजारचीं देवळें दोन धन्यांचीं. १८५३ सालीं माहीमच्या सेंट मायकेल देवळाचा ताबा जाऊं नये म्हणून बिशप हार्टमन आंत बसले आणि प्रतिपक्षानें बाहेरून वेढा दिला. अखेर सरकारास मध्यें पडावें लागलें. त्या वेढ्यांत आंतले आणि बाहेरले दोघेहि एकच ‘विश्वासांगीकार’ म्हणत होते.

याच्या उलट, जेथें वेगळें होणें हें कर्तव्य आहे तेथें आम्ही मुकाट्यानें एकत्र बसतों, ही माझी खरी तक्रार आहे. दक्षिण आफ्रिकेंत केप प्रांताच्या डच रिफॉर्म्ड चर्चनें १८५७ सालीं असा ठराव केला कीं, वास्तविक सर्व वर्णांच्या विश्वासणाऱ्यांनीं एकत्रच उपासना करावी. परंतु कित्येकांच्या दुर्बलतेमुळें तें जमत नसल्यास वेगळी सोय करावी. ‘दुर्बलते’ची ही सवलत पुढें नियम झाली, १८८१ सालीं काळ्या-गव्हाळ वर्णाच्या लोकांसाठीं वेगळी चर्चच निघाली, आणि त्या धर्माच्या तत्त्वज्ञानावर एका राज्याचा वर्णभेद उभा राहिला. १९८२ सालीं ओटावा येथें जागतिक रिफॉर्म्ड संघानें वर्णभेदाचें धार्मिक समर्थन हें पाखंड होय असें ठरवून तसें करणाऱ्या दोन चर्चांचें सभासदत्व तहकूब केलें. हा वियोग योग्य होता. तेथें सहकार्य करणारा मनुष्य पंगतीच्या मोडण्यावर आपली सही करीत होता.

आपल्याकडे दुर्बलतेच्या सवलती कमी आहेत काय? गोव्याच्या कांहीं गांवांतील कोंफ्रारियांचें सभासदत्व जातीवरून ठरत आलें, ही सर्वश्रुत गोष्ट आहे. आम्हां प्रॉटेस्टंटांना त्यावर नाक मुरडण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्रांतील आमच्या समाजाचा मोठा भाग महार आणि मांग समाजांतून आलेला. ब्राह्मण-मराठ्यांतून आलेलीं घरें थोडीं. प्रभुभोजनाचा पेला सर्वांच्या ओठांस लागतो. पण लग्नाची बोलणी निघाली कीं तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतो, ‘मूळचे कोण?’ आणि हा प्रश्न विचारणारे गृहस्थ दर रविवारीं पहिल्या बांकावर असतात, मंडळीचे वडील म्हणून निवडून येतात, आणि बाप्तिस्मा बुडवून द्यावा कीं शिंपडून यावर घसा कोरडा होईपर्यंत वाद करितात. ज्या नव्या मंडळीबद्दल हा लेख सुरू झाला तिच्या वडिलांना मीं विचारलें, तुमच्या नियमांत याबद्दल कांहीं कलम आहे काय? ‘तो सामाजिक प्रश्न आहे,’ असें उत्तर मिळालें. पौल अंत्युखियांत पेत्राला असेंच म्हणाला असता, तर आज परराष्ट्रीयांची मंडळीच अस्तित्वांत नसती.

राहिला बाप्तिस्म्याचा मूळ प्रश्न. दोन्ही मतांचीं माणसें एका घरांत राहूंच शकत नाहींत असें ज्यांना वाटतें त्यांनीं नागपुराकडे पाहावें. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं तेथें उत्तर भारताची चर्च स्थापन झाली. तिच्यांत सहा चर्चा मिळाल्या. त्यांत तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, आणि प्रौढांनाच देणारे बॅप्टिस्ट व ब्रेद्रनहि होते. दोन्ही रीति मान्य करण्यांत आल्या, आणि ज्या पाळकाच्या सदसद्विवेकबुद्धीला एक रीत पटत नाहीं त्याच्यावर तिची सक्ति होऊं नये अशी तरतूद ठेवली. अर्धशतक उलटून गेलें, चर्च उभी आहे. सगळें गोड झालें असें मी म्हणत नाहीं. मेथडिस्ट चर्च ऐन वेळीं त्याच वर्षीं मागें फिरली. गुजराथेंतील ब्रेद्रन मंडळीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ सालीं निकाल एकीकरणाच्या विरुद्ध लागला. पण न्यायालयापुढें प्रश्न बाप्तिस्म्याचा नव्हता. विलीनीकरण कायदेशीर झालें कीं नाहीं आणि मिळकत कोणाची, हा होता. भांडण पाण्याचें नव्हतें, जमिनीचें होतें.

तेव्हां माझी मागणी थोडी आहे. त्या मंडळीनें आपल्या मुलांना मोठेपणींच बाप्तिस्मा द्यावा. दुसऱ्यांच्या प्रभुभोजनास जावें कीं नाहीं तें ज्याच्या त्याच्या मनावर सोडावें. बाप्तिस्म्यावर जाहीर वाद करावयाचा असेल तर मी स्वतः सभागृह मिळवून देतों. परंतु दरडीखालीं घर गेलेल्या कातकऱ्याला, ज्याचा बाप्तिस्मा लहानपणींहि झाला नाहीं आणि मोठेपणींहि झाला नाहीं, दोन ठिकाणच्या दोन पिशव्या घेण्यासाठीं दोनदां उन्हांत उभें करूं नये. याचें उत्तर मंडळीच्या वडिलांनीं याच मासिकांत द्यावें. संपादक जागा देतील अशी मला खात्री आहे. मात्र उत्तर लिहितांना, मार्काला परत बोलावणाऱ्या पौलाचें त्यांनीं काय केलें, एवढें आरंभींच सांगून टाकावें.